ज्याला उशीर झाला तो पळतो

पानात काही टाकायचं नाही, हा एकच संस्कार माझ्यावर पूर्ण यशस्वी झाला. पहाटे उठणं, खरं बोलणं, रोज बारा सूर्यनमस्कार हे बाकीचे वाटेत कुठेतरी गळाले. हा एक मात्र मी कोल्हापुरापासून सिंगापूरपर्यंत सांभाळून आणला, आणि त्याच्याच जोरावर बोगदानच्या घरी पहिल्या भेटीतच स्वतःची शोभा करून घेतली.

ब्राझीलमध्ये फुटबॉलचा वर्ल्ड कप झाला, ते वर्ष. आमच्या पासिर रिसच्या कॉन्डोत तळमजल्यावर, हिरवळीसमोरच्या फ्लॅटमध्ये नवा भाडेकरू आला होता. मी तेव्हा कमिटीचा सेक्रेटरी. पोट बँकेच्या आयटीवर चालायचं, पण जीव सगळा त्या सेक्रेटरीपदात. नव्या माणसाला नियमांची पुस्तिका गार्डनेही दिली असती. पण ती मी स्वतः न्यावी आणि पार्किंगचं कलम तोंडी समजावून सांगावं, अशी माझी पद्धत होती. सोबत वैशालीला, म्हणजे बायकोला, घेऊन गेलो. रिकाम्या हाताने कसं जायचं म्हणून तिने डब्यात चिवडा भरून घेतला.

दार उघडलं तेव्हा आधी छाती दिसली. चेहरा बघायला मान वर करावी लागली. पन्नाशीकडे झुकलेला माणूस, केस करडे, नाक दोनदा तरी मोडून पुन्हा बसवलेलं. आम्ही चपला काढल्या तर त्याने लगेच घरात घालायच्या दुसऱ्या सपाता पुढे केल्या. माझ्या पायात त्या होड्यांसारख्या दिसत होत्या. बसवलं, आणि आतून एक तबक आणून ठेवलं. त्यावर पैलू पाडलेल्या काचेचं भांडं, त्यात गडद लाल मुरंबा, अख्ख्या रानफळांचा. दोन चमचे. पाण्याचे दोन पेले.

मी वैशालीला म्हटलं, बघ, हे तर आपलं गूळपाणी. ती एक चमचा खाऊन थांबली आणि चमचा पेल्यात ठेवून दिला. बोगदान खिडकी लावायला आत गेला होता. मी सुरू केलं. अर्ध्यावर आल्यावर घशात गोड साचायला लागलं, पण समोर ठेवलेलं टाकायचं कसं? परक्याच्या घरी तर मुळीच नाही. तो परत आला, त्याने भांड्याकडे पाहिलं, समोर बसला आणि माझ्या पेल्यात पाणी ओतलं. मग पुन्हा ओतलं. मी तळ पुसून भांडं खाली ठेवलं आणि म्हटलं, फारच सुंदर, कोणी केलं? आईने, म्हणाला. म्हटलं, त्यांना नक्की सांगा, आवडलं म्हणून. तो म्हणाला, “सांगतो.”

लिफ्टमध्ये वैशालीने समजावलं की तो मुरंबा पाहुण्याने एक चमचा घ्यायचा असतो आणि ते भांडं घराचं वर्षभराचं होतं. तुला कसं कळलं, विचारलं, तर म्हणे, त्याच्याकडे बघत होते. मी भांड्याकडे बघत होतो.

हा बोगदान सर्बियाचा. आयुष्यभर फुटबॉल खेळला, तोही डिफेंडर, आणि गुडघे संपल्यावर कोच झाला. इथल्या एका फुटबॉल अकादमीने त्याला आणलं होतं. त्याची कारकीर्द सांगायची तर मला क्रम लागत नाही, कारण त्याने ती कधी क्रमाने सांगितली नाही. सांगायचा ती हिरवळीच्या कडेला प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसून, बोटभर कपातली चिखलासारखी कॉफी पीत. तेही विचारलं तर. न विचारता तो फक्त वाऱ्याबद्दल बोलायचा. वाऱ्याची त्याला विलक्षण धास्ती. समोरासमोरच्या दोन खिडक्या उघड्या दिसल्या की उठून एक लावायचाच. ओले केस घेऊन एसीत जाणाऱ्या बाईला तो लॉबीतून परत पाठवायचा. सिमेंटच्या कट्ट्यावर कोणी बसलं की वर्तमानपत्र आणून द्यायचा, गारठा अंगात शिरतो म्हणून. पासिर रिसमध्ये, बत्तीस डिग्रीत! माझी आजी असती तर तिने त्याला जेवायलाच बोलावलं असतं.

त्याची इंग्रजी तुटक होती, तरी त्याची वाक्यं लक्षात राहायची. मी पंधरा वर्षं सफाईदार इंग्रजीत ईमेल लिहितोय, माझं एकही वाक्य कोणाच्या लक्षात नाही. “डिफेंडर पळत नाही,” तो म्हणायचा. “ज्याला उशीर झाला तो पळतो.” एकदा म्हणाला, चेंडू खोटं बोलतो, डोळे खोटं बोलतात, पायसुद्धा. कंबर खोटं बोलत नाही. समोरच्याच्या कंबरेकडे बघा. फुटबॉलमध्ये हे शंभर टक्के खरं असेल. पण हे तो माझ्या बायकोला शिकवत होता, म्हणून मला त्यातला फुटबॉल दिसला नाही.

तर ती गोष्ट अशी. आदल्या वर्षी वैशालीची आई पुण्यात वारली. वैशाली दिवस करून परत आली, ऑफिसला जायला लागली, डबे, मुलीच्या, सईच्या परीक्षा, सगळं पहिल्यासारखं चालू झालं. रडताना मी तिला पाहिलंच नाही. हसणं बंद झालं असंही म्हणता येत नव्हतं. हसायची, पण व्हॉट्सअ‍ॅपवर हसतात तशी, चेहरा न हलवता. मी काय काय केलं म्हणून सांगू. बाताम बेटावर नेऊन आणलं. ऑफिसातले विनोद पाठ करून घरी आणले. मराठी मंडळाच्या नाटकात पोलिसाची भूमिका केली आणि भर प्रवेशात पट्टा सुटला. प्रेक्षक हसले. वैशाली म्हणाली, छान झालं.

शनिवारी सकाळी ती आणि खालच्या मजल्यावरच्या मिसेस लिम चालायला जायच्या. एकदा परत येताना बोगदानच्या खुर्चीजवळून एक चेंडू घरंगळत त्यांच्यापुढे आला. मिसेस लिमने तो लाथेने परत पाठवला. बोगदान म्हणाला, “पुन्हा.” त्यांनी पुन्हा पाठवला. इतकंच. पुढच्या शनिवारी तिथे चार बायका होत्या, त्याच्या पुढच्या शनिवारी सात. सगळ्या चाळिशीच्या पुढच्या, एकीनेही जन्मात चेंडूला पाय लावलेला नाही. पैसे घेतोस का, म्हणून मी सेक्रेटरी या नात्याने विचारूनही आलो. नाही म्हणाला. पैसे अकादमी देते, हा माझा शनिवार आहे.

कोणी कुठे खेळायचं हे त्याने ठरवलं ते असं. सातही जणींना हिरवळीवर पांगवलं, डोळे मिटायला लावले आणि एकेकीला विचारलं, बाकीच्या कुठे आहेत? बहुतेकींना दोन-तीन जणी सांगता आल्या. वैशालीने सहाही सांगितल्या, वर हेही सांगितलं की मिसेस लिम जागेवर नाहीत, फोन घ्यायला कट्ट्याकडे गेल्यात. तुला कसं माहीत, त्याने विचारलं. ती म्हणाली, घरी हेच करते. कोण कुठे आहे, कोणाला काय हवंय, दूध कुठवर आलंय. त्यावर तो म्हणाला, “स्टॉपर.” म्हणजे मागच्या फळीतला मधला, ज्याच्या पाठीशी मग फक्त गोलकीपर.

हे सगळं तिने मला संध्याकाळी सांगितलं. सांगता सांगता मिसेस लिमची धावायची नक्कल केली आणि हसायला लागली. इतकी हसली की ओट्याला धरून खाली बसली, डोळ्यांतून पाणी. सई अभ्यास टाकून बाहेर आली आणि म्हणाली, “मम्मा ओके ऑर नॉट?” मीपण हसलो. म्हणजे दात दाखवले. वर्षभर मी ज्याच्यासाठी पट्टा सोडला होता, ते त्या माणसाने एका शब्दात करून दाखवलं होतं.

तिथून मला ते दुखणं लागलं. हेवा म्हटलं की लोकांना वाटतं काहीतरी भव्य असतं. माझा हेवा फार किरकोळ होता. मला त्याच्या पाठीचा हेवा वाटे, ती सरळ होती. वैशाली शनिवारी सकाळी गजराच्या आधी उठायची, त्याचा वाटे. बुटांना लागलेल्या चिखलाचासुद्धा वाटे. ते बूट ती स्वतः घासायची, गुणगुणत. मी बाल्कनीत पेपर घेऊन बसायचो आणि वर्गणी भरूनही दर शनिवारी पहिलंच पान वाचायचो.

शेवटी न राहवून खाली गेलो. आता इथे एक कबुली. आमच्या कोल्हापुरात फुटबॉल म्हणजे काय, हे पुण्यामुंबईच्या लोकांना सांगून पटत नाही. पेठेपेठेच्या तालमी, त्यांचे संघ, मॅच असली की दुकानं अर्धी बंद. आमच्या पेठेच्या संघाशी माझा जवळचा संबंध होता, असं मी साखरपुड्यात वैशालीला सांगितलं होतं. संबंध जवळचाच होता. मी खेळाडूंच्या चपला सांभाळायचो आणि हाफटाइमला लिंबं कापायचो. पण लग्नाच्या अठरा वर्षांत तो संबंध वाढत वाढत लेफ्ट बॅकपर्यंत पोचला होता. त्या दिवशी बायकांसमोर मी बोगदानला म्हणालो, मीपण डिफेंडर होतो.

त्याचा चेहरा उजळला. खरोखर उजळला. “कलीग!” म्हणाला आणि मला मैदानात ओढलं. तो चेंडू घेऊन येणार, मी अडवायचं. मी पाय फाकवून उभा राहिलो. तो आला, सावकाश, दुखरे गुडघे सांभाळत, आणि तीन पावलांवर मला दिसलं की त्याला कळलंय. मी उभा कसा आहे यावरूनच कळलं असणार. माझ्या दोन पायांमधून ट्रक गेला असता. बायका बघत होत्या, वैशाली कट्ट्यापाशी बूट बांधता बांधता थांबली होती. त्याने चेंडू जरा जास्तच पुढे ढकलला, “आय!” करून गुडघा धरला आणि खाली बसला. चेंडू घरंगळत येऊन माझ्या पायाशी थांबला. बायकांनी टाळ्या वाजवल्या. तो खालूनच म्हणाला, बघा, हा घाई करत नाही. मी जोशात चेंडू मारला, तो तरणतलावात गेला.

त्याने मला हरवलं असतं तर मी त्याला माफ केलं असतं. त्याने मला वाचवलं. 

त्याच्या घरी भिंतीवर कारकिर्दीचा एकच पुरावा होता. वर्तमानपत्राचं पिवळं पडलेलं कात्रण, चौकटीत. चिखलात आडवा पडलेला तरुण बोगदान, मागे जाळ्यात चेंडू, गोलकीपरचे दोन्ही हात डोक्यावर. कोणाला गोल मारलास, मी विचारलं. तो म्हणाला, आम्हालाच. कपची सेमीफायनल, शेवटची पाच मिनिटं, त्याच्याच पायाला लागून. मला कळेना. आमच्या हॉलमध्ये माझी चार सर्टिफिकेटं आहेत, प्रोजेक्ट मॅनेजमेंटची, त्यातलं एक नुसतं हजर राहिल्याचं. मी म्हटलं, हेच का लावलंस? त्याने थोडा विचार केला. “चांगला डिफेंडर कोणाला दिसत नाही,” म्हणाला. “त्या दिवशी मी सगळ्यांना दिसलो.” आणि मनापासून हसला.

त्याच बैठकीत राष्ट्रीय संघाची गोष्ट निघाली. चोवीस-पंचवीसचा असताना बोलावणं आलं होतं. त्याच्या आईने शर्ट इस्त्री करून बॅग भरली. जायच्या आत त्याच्या देशात युद्ध पेटलं, देशावर बंदी आली आणि संघाला स्पर्धेतूनच काढून टाकलं. बॅग दाराशी तशीच. आईने ती वर्षभर उपसली नाही, उद्या निरोप आला तर घाई नको म्हणून. वर्षाने त्याने स्वतः उपसली, त्यातले शर्ट घातले आणि सायप्रसला खेळायला गेला. मग मलेशिया, तिथेच गुडघे संपले, आणि आता इथे. हे तो सांगत होता आणि मी हिशेब करत होतो की माझ्या कारकिर्दीतलं सर्वांत मोठं दुःख कोणतं. तर मला सीनिअर व्हाइस प्रेसिडेंट केलं नाही, हे.

एकदा मात्र आमचं जमलं होतं. त्याचे वडील साखर कारखान्यात कामाला होते. बिटाची साखर. शरदात कारखाना सुरू झाला की गावभर त्या चोथ्याचा आंबूस वास सुटे, आणि त्या वासात तो खेळायला शिकला. मी म्हटलं, आमच्याकडे मळीचा. परीक्षेला बसलं की खिडकीतून तोच. तो म्हणाला, अजून कुठे तसा वास आला तर पोट ढवळतं की भूक लागते? मी म्हटलं, भूक. तो म्हणाला, मलाही. आम्ही दोघांनी आणखी एकेक कप कॉफी घेतली. माणूस मला आवडत होता, अडचण तीच होती.

आणि मग लिफ्टमधला तो दिवस. मी वर चाललो होतो, तो पार्सल द्यायला मिसेस लिमकडे निघाला होता. म्हणाला, सेक्रेटरी, तुझी सासू मोठी बाई. मी म्हटलं, हो, फार. तो बोटांनी छोटं वर्तुळ करून म्हणाला, “शेवटची छोटी पोळी. कोणासाठी नाही. जो येईल त्याच्यासाठी. चान्की.”

उरलेल्या कणकेची छोटी पोळी म्हणजे चानकी, हा शब्द मला ठाऊक होता. पण माझी सासू रोज, तिन्ही त्रिकाळ नव्हे पण रोज, स्वयंपाक आवरताना एक चानकी लाटून ठेवायची, कोणी आयत्या वेळी आलं तर म्हणून, हे मला ठाऊक नव्हतं. अठरा वर्षं मी त्या घरी जेवलो. जावयाला पहिली पोळी मिळते, तव्यावरून ताटात, तूप सोडून. शेवटची बघायला तो स्वयंपाकघरात थांबतो कशाला? पण हे वैशालीने त्याला सांगितलं होतं. म्हणजे आणखीही सांगितलं असणार. मग त्याच्याकडूनच कळलं की त्याची आईही आदल्याच हिवाळ्यात, तो इथे येण्याआधी गेली होती, आणि मी पुसून खाल्लेलं भांडं तिच्या हातचं शेवटचं होतं. तो ते सहज बोलून गेला आणि चौथ्या मजल्यावर उतरला.

शरम वाटायला हवी होती. वाटली, नाही असं नाही. पण तिच्या वरचढ दुसरंच काही होतं. वर्षभर माझ्यापाशी बंद असलेलं दार त्या हिरवळीवर उघडत होतं, आणि मी बाल्कनीत.

पुढच्याच आठवड्यात कमिटीकडे तक्रार आली. तळमजल्यावरच्या मिस्टर कोह यांच्या ऑर्किडच्या कुंडीला चेंडू लागला होता. कुंडी फुटली नव्हती. मिस्टर कोह भले गृहस्थ, त्यांचं म्हणणं एवढंच की बायकांनी जरा पलीकडे सरकावं. कोणीही शहाण्या सेक्रेटरीने तोंडी निरोप देऊन विषय मिटवला असता. त्याच हिरवळीवर योगाचा वर्ग चालतो, ताई ची चालतं, त्याला परवानगी आहे. त्याच कलमात या सात बायका मी एका ओळीत बसवल्या असत्या.

मी नोटीस लिहिली. आयुष्यात इतकं सुंदर काही लिहिलं नाही. ‘संघटित चेंडूक्रीडा’ म्हणजे काय याची व्याख्या केली. चेंडू हवेचा असो वा नसो. खेळणारे तीन किंवा अधिक असोत. शिकवणारा रहिवासी असो वा पाहुणा, मोबदला घेवो वा न घेवो. योगाला धक्का लागणार नाही आणि फुटबॉल सुटणार नाही, असं एकेक वाक्य तासून बसवलं. कमिटीने न वाचता मान्य केली, कमिट्या करतात तशी. खाली माझं नाव नव्हतं. ‘आदेशावरून, व्यवस्थापन.’

दुसऱ्या दिवशी सकाळी लिफ्टमध्ये मी आणि मिसेस लिमकडे निघालेला बोगदान, दोघंच, समोर ती नोटीस. तो चष्मा लावून वाचायला लागला, प्रत्येक शब्दाला बोट लावत. एका शब्दापाशी थांबून मला अर्थ विचारला. ‘यापुढे’, मी सांगितलं. त्याने शेवटपर्यंत वाचलं, चष्मा खिशात ठेवला.

“सगळ्या फटी बंद केल्या आहेत,” म्हणाला. “लिहिणारा चांगला डिफेंडर असणार.”

दार उघडलं. तो बाहेर पडताना माझ्या खांद्यावर हात ठेवून गेला. त्याला कळलं होतं की नव्हतं, हे मला आजवर माहीत नाही.

मी जिंकलो होतो. तीन शनिवार हिरवळ मोकळी होती. वैशाली उठून चहा करायची, पेपरातली पुरवणी वाचायची, मी काही म्हटलं की व्हॉट्सअ‍ॅपसारखं हसायची. नोटीस कोणी लिहिली हे तिने विचारलं नाही. मीही आपण होऊन सांगितलं नाही. बूट चपलांच्या कपाटात खालच्या कप्प्यात होते. मी एकदा बघितले, कोरडे, स्वच्छ.

चौथ्या शनिवारी बोगदानने समुद्राकाठच्या पार्कात एक गवताचा तुकडा शोधून काढला. पाऊण तास चालायचं, वर ऊन. सातातल्या चारच जणी गेल्या, वैशाली त्यात होती. मी एकदा लांबून सायकलच्या वाटेवर उभा राहून बघून आलो. सरावाला तशाच चार परक्या बायका मिळाल्या होत्या. समोरची एक तरणीताठी मुलगी चेंडू घेऊन सुसाट आली, आणि माझी बायको जागची हलली नाही. वाट बघत राहिली, बघत राहिली, आणि मग एकच पाऊल टाकून चेंडू काढून घेतला. बोगदान खुर्चीतून उठला नाही, टाळी वाजवली नाही. नुसती मान हलवली. ती त्याच्याकडे न बघता हसली. अठरा वर्षांपूर्वी ते हसू मला भेटायचं.

त्यानंतर दोन महिन्यांत अकादमीने त्याचा करार वाढवला नाही. त्यात माझा हात नव्हता, हे मी शपथेवर सांगतो. शपथ घ्यावीशी वाटते, यातच काय ते आलं. त्याला व्हिएतनाममध्ये काम मिळालं होतं, मुलांच्या संघाचं. निघायच्या दिवशी सकाळी टॅक्सी गेटपाशी उभी होती. दोन बॅगा. सातही जणी खाली आल्या होत्या, मिस्टर कोह ऑर्किडचं एक फूल घेऊन आले होते. तो एकेकीला गालावर तीन तीन पापे देत पुढे सरकला, त्यांच्याकडे तशीच रीत. माझ्यापाशी आल्यावर मी हात पुढे केला. त्याने तो बाजूला करून मलाही तीन दिले. दाढी टोचली.  मी काहीतरी बोलावं म्हणून तो क्षणभर थांबला होता, असं मला अजून वाटतं. मी म्हटलं, प्रवास सुखाचा होवो.

टॅक्सी हलली आणि दहा फुटांवर थांबली. खिडकीतून त्याचा लांब हात बाहेर आला. आम्हाला वाटलं, निरोपाचा. तर तो बायकांच्या ओळीकडे बघत होता, आणि मिसेस लिमला डावीकडे सरकायला सांगत होता. त्या दोन पावलं सरकल्या. आणखी, हात म्हणाला. वैशाली एक पाऊल पुढे आली, ओळ सरळ झाली. टॅक्सी वळली तरी हात बाहेरच होता.

वर आलो. वैशाली ओट्याशी जाऊन उभी राहिली. नुसता नळ सोडला होता. मी म्हटलं, ती नोटीस मी लिहिली होती.

ती म्हणाली, “माहीत आहे. एवढे स्वल्पविराम दुसरं कोण देतं?” मग नळ बंद केला, माझ्याकडे वळली. आवाजात राग नव्हता. “तुला वाटलं त्याने काहीतरी जादू केली. काही नाही केलं रे. आई गेल्याचं कळल्यावर त्याने विचारलं, ती काय रांधायची? बस. तू विचारलं होतंस, तिकीट कधीचं काढू. तेही कोणीतरी विचारावंच लागतं, नाही म्हणत नाही मी.” ती खुर्ची ओढून माझ्यासमोर बसली. “आता मात्र घाईचं काही नाही. विचार.”